वातायन आणि तावदान : घराच्या खिडकीची निवड

खिडकीशी निगडित असे दोन मराठी शब्द व्युत्पत्तीच्या दृष्टीने लक्षणीय आहेत. संस्कृत ‘वातायन’ म्हणजे वाऱ्याचा मार्ग. ‘तावदान’ हा फारसी ‘ताबदान’ या शब्दापासून आला असून त्यातील ‘ताब’ म्हणजे तेज, तसेच उष्णता. वारा, प्रकाश आणि ताप ही तिन्ही एकाच वाटेने घरात येतात. उष्ण प्रदेशात ऊर्जेची बचत करणारी खिडकी निवडणे म्हणजे पहिल्या दोहोंना वाट देऊन तिसऱ्यास अडविणे होय.

थंड देशांत घरातील ऊब राखणे हे मुख्य उद्दिष्ट असते. म्हणून तेथे दुहेरी काच आणि घट्ट बसणारी झडप यांना महत्त्व आले. हा निकष मुंबईसारख्या उष्ण व दमट हवेच्या शहरात जसाच्या तसा स्वीकारणे युक्त नव्हे. बाहेर ३५ आणि आत २५ अंश सेल्सिअस तापमान असल्यास एकेरी काचेच्या दर चौरस मीटरमधून या फरकामुळे सुमारे ५७ वॅट उष्णता आत येते; दुहेरी काचेने ती जवळजवळ निम्मी होते. परंतु त्याच काचेवर पश्चिमेचे ऊन ५०० वॅट इतक्या तीव्रतेने पडत असेल, तर साध्या एकेरी काचेतून त्यातील चारशेहून अधिक वॅट आत शिरतात. साध्या दुहेरी काचेनेही हे प्रमाण फारसे घटत नाही. तेव्हा पहिला विचार सावलीचा करावा.

सावलीचे गणित दिशेवर अवलंबून असते. मुंबईचे अक्षांश सुमारे १९ असल्याने विषुवदिनी मध्यान्ही सूर्य क्षितिजापासून ७१ अंशांवर असतो. त्या वेळी दक्षिणेच्या खिडकीवरील ४५ सेंटिमीटरचा छज्जा खाली सुमारे १३० सेंटिमीटरपर्यंत सावली देतो. पश्चिमेचा सूर्य मात्र कललेला असल्याने तेथे छज्जा अपुरा पडतो. उभ्या फळ्या अथवा चिकाचा पडदा लागतो, आणि तोही बाहेरून. आतील पडद्यावर ऊन पोहोचते तेव्हा ताप घरात आलेलाच असतो.

दुसरा विचार वाऱ्याचा. २०१८ च्या ‘इको-निवास संहिते’ने उष्ण-दमट हवामानासाठी उघडता येणारे क्षेत्र चटईक्षेत्राच्या किमान १६.६६ टक्के, तर थंड हवामानासाठी ८.३३ टक्के ठरविले. या मोजणीत मोकळ्या सज्जात थेट उघडणारी दारेही येतात. दोन सरकत्या झडपांची खिडकी निम्मीच उघडते. बिजागरीची जवळजवळ पूर्ण उघडते.

काच आणि चौकट यांचा क्रम यानंतरचा. वातानुकूलित खोलीत मात्र दाराखालची फट बुजविणे आणि उष्णतावाहक ॲल्युमिनियमऐवजी लाकडाची चौकट घेणे सार्थ ठरते. दिशा न पाहता महाग काच घेणाऱ्याच्या पदरी तावदान पडते, वातायन नव्हे.