हॉट ट्यूना

अमेरिकन ब्लूज-रॉक संगीतातील एक उल्लेखनीय लाँग-प्ले ध्वनिमुद्रिका. गिटारवादक योर्मा कौकोनेन (१९४०– ) व बेस-गिटारवादक जॅक कॅसिडी (१९४४– ) यांच्या ‘हॉट ट्यूना’ या वादकसंघाची ही पहिली ध्वनिमुद्रिका होय. कॅलिफोर्निया राज्यातील बर्कली येथील ‘न्यू ऑर्लीअन्स हाउस’ या लहानशा संगीतगृहात सप्टेंबर १९६९ मध्ये श्रोत्यांसमोर तिचे ध्वनिमुद्रण झाले. ‘आरसीए व्हिक्टर’ या कंपनीने ती १९७० मध्ये प्रसिद्ध केली. निर्माता अल श्मिट हा होता.

पार्श्वभूमी : कौकोनेन व कॅसिडी हे दोघेही सॅन फ्रॅन्सिस्कोतील ‘जेफरसन एअरप्लेन’ या १९६५ मध्ये स्थापन झालेल्या रॉक वाद्यवृंदाचे वादक होते. विजेच्या साहाय्याने वर्धित केलेला प्रचंड नाद हे या वाद्यवृंदाचे वैशिष्ट्य. ऑगस्ट १९६९ मधील वुडस्टॉक महोत्सवात त्याने लाखोंच्या जनसमुदायापुढे वादन केले होते. त्यानंतर सुमारे महिन्याभरातच हे दोघे मोजक्या श्रोत्यांपुढे बसून जुन्या ब्लूज रचना सादर करत होते. रॉक संगीताचे मूळ ज्या ब्लूजमध्ये आहे, त्याच्याकडे वळण्याचा हा प्रयत्न होता.

ब्लूज ही अमेरिकेच्या दक्षिण भागातील कृष्णवर्णीयांची गीतपरंपरा एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस आकारास आली. बारा मात्राखंडांचा साचा आणि काही स्वर किंचित उतरवून लावण्याची रीत ही तिची प्रमुख लक्षणे होत. तिच्यातील गिटारवादन स्वरलिपीपेक्षा ऐकून व पाहून शिकले जाई. रेव्हरंड गॅरी डेव्हिस (१८९६–१९७२) हा अंध धर्मोपदेशक या परंपरेतील श्रेष्ठ वादक. तो न्यूयॉर्कच्या हार्लेम भागात रस्त्यावर गात असे. केवळ अंगठा व तर्जनी यांच्या साहाय्याने तो खर्जाची लय आणि वरची सुरावट ही दोन्ही अंगे सांभाळी. त्याची शैली कौकोनेनने ओहायओतील अँटिऑक महाविद्यालयात शिकत असताना इअन ब्यूकॅनन या वादकाकडून आत्मसात केली.

स्वरूप : ध्वनिमुद्रिकेत दहा रचना असून त्यांपैकी ‘हेझिटेशन ब्लूज’ व ‘डेथ डोन्ट हॅव नो मर्सी’ यांवर डेव्हिसचा ठसा स्पष्ट दिसतो. ‘हाउ लाँग ब्लूज’ ही लिरॉय कारची रचना, तर ‘मॅन्स फेट’ ही केवळ वाद्यरचना आहे. विल स्कार्लेट याने हार्मोनिकाची साथ केली असून ढोल-झांजांचा ताफा मुळीच नाही. कौकोनेनची गिटार ध्वनिक म्हणजे विद्युत्-वर्धनाविना नाद देणारी आहे. मात्र कॅसिडीचे बेस-गिटार विजेवर चालणारे आहे. ते केवळ ताल धरत नाही, तर गिटारशी स्वतंत्र संवाद साधते. या ध्वनिमुद्रिकेची ब्लूज-रॉकमध्ये गणना होण्यास हे वादन मुख्यतः कारणीभूत आहे.

ध्वनिमुद्रणाचे तंत्र : व्हिनाइलच्या लाँग-प्ले तबकडीचा व्यास सुमारे ३० सेंमी. असून ती मिनिटाला ३३ १/३ फेरे घेते. खर्जाचा नाद मोठा असेल, तर खोबणीची वळणे रुंद होतात व एका बाजूवर मावणारा काळ घटतो. ध्वनिक वादन मंद असल्याने ही अडचण कमी भासते. परंतु मंद नादात तबकडीची खरखर अधिक जाणवते. प्रत्यक्ष मैफलीत चुकलेला भाग पुन्हा वाजविता येत नाही आणि श्रोत्यांचे आवाजही टिपले जातात. ‘अंकल सॅम ब्लूज’ या गीताच्या वेळी बिअरचा पेला फुटल्याचा आवाज तबकडीवर तसाच राहिला. त्यामुळे चाहत्यांमध्ये ती ‘फुटलेल्या पेल्याची ध्वनिमुद्रिका’ म्हणून ओळखली जाते.

महत्त्व : संघाची १९७१ मधील दुसरी ध्वनिमुद्रिकाही मैफलीतीलच होती, तथापि तिच्यात विद्युत् वाद्यांचा वापर झाला. त्यामुळे पहिल्या ध्वनिमुद्रिकेचे वेगळेपण अधिकच उठून दिसते. रस्त्यावर गायली जाणारी, लिपिबद्ध नसलेली कला एका पिढीकडून दुसरीकडे जाताना तिच्यात काय टिकले व काय बदलले, हे या तबकडीवर ऐकता येते. बोटांचा दाब, श्वास व क्षणिक चढउतार स्वरलिपीत उतरत नाहीत. म्हणूनच अशा परंपरेच्या अभ्यासात मैफलीची ध्वनिमुद्रिका हे करमणुकीचे साधन न राहता महत्त्वाचा पुरावा ठरते.