नकाशावरून पुसलेलं प्रजासत्ताक

बालमित्रांनो, वर्गात कुणीतरी खोडी काढली आणि गुरुजींनी सगळ्या वर्गालाच उभं केलं, तर 'मी काय केलं?' असं मनात येतंच ना? मग अशीच शिक्षा ४ लाखांहून अधिक माणसांना झाली तर? ही खरी गोष्ट आहे बरं का! रशियातल्या व्होल्गा नदीकाठची.

रशियाची सम्राज्ञी कॅथरीन जन्माने जर्मन. व्होल्गाकाठच्या माळरानावर शेती व्हावी, म्हणून तिने १७६३ साली परदेशी लोकांना आमंत्रण दिलं. जमीन मिळेल, काही वर्षं कर माफ, धर्म आपापला पाळा! हजारो जर्मन आले, शेती करू लागले आणि पिढ्यान्‌पिढ्या तिथलेच होऊन गेले.

क्रांतीनंतर सोव्हिएत सरकारने १९१८ साली त्यांना वेगळा प्रदेश दिला. १९२४ मध्ये त्याचं 'व्होल्गा जर्मन स्वायत्त प्रजासत्ताक' झालं. स्वायत्त म्हणजे देश सोव्हिएतच, पण स्थानिक कारभार तिथल्या लोकांकडे. मुलं शाळेत जर्मनमधून शिकत. राजधानीचं नाव एंगेल्स.

२२ जून १९४१ रोजी हिटलरच्या जर्मनीने सोव्हिएत संघावर हल्ला केला. झालं! २८ ऑगस्टला फर्मान निघालं : 'या लोकांत हजारो हेर आहेत. सर्वांना हलवा!' पुरावा? काहीच नव्हता. यांचे पूर्वज तर पावणेदोनशे वर्षांपूर्वीच आलेले! तरी म्हातारी माणसं, तान्ही बाळं, सगळ्यांना आगगाड्यांत भरून सायबेरिया आणि कझाकस्तानात धाडलं. तरण्याताठ्यांना सक्तीच्या कामाला जुंपलं. थंडीने, उपासमारीने कितीतरी जण दगावले. इकडे प्रजासत्ताक मोडून त्याची जमीन शेजारच्या सारातोव आणि स्टालिनग्राड प्रांतांत वाटून टाकली.

१९६४ साली सरकारने मान्य केलं, की आरोप निराधार होता. पण प्रजासत्ताक काही परत दिलं नाही. आपल्या गावी राहायला जाण्यावरची बंदी उठायला तर १९७२ साल उजाडलं! पुढे सोव्हिएत संघ मोडला, तेव्हा यांच्यापैकी बरेच जण जर्मनीत निघून गेले.

आता एक काम करा. आईबाबांना सोबत घेऊन नकाशात व्होल्गाकाठचं सारातोव शोधा. नदीच्या पलीकडे एंगेल्स दिसेल. पहिला अंतराळवीर युरी गागारिन १९६१ मध्ये याच शहराजवळ उतरला होता. शहर सापडेल, नदी सापडेल. फक्त त्या प्रजासत्ताकाचं नाव मात्र सापडणार नाही.