मांडलिकाची जागा : भीमेच्या खोऱ्यातून दिसणारे राजे

लेखमाला : पट आणि पिढ्या (लेखांक 7)

मागच्या आठवड्यात आपण वारसाहक्काचे नियम पाहिले. ‘क्रुसेडर किंग्ज 3’मध्ये राजा मेला म्हणून खेळ संपत नाही. त्याचा वारस तुमच्या हाती येतो, आणि वाटणीच्या नियमामुळे बापाचं राज्य भावाभावांत फुटतं. आज त्याच्या आधीची पायरी घेऊ : खेळायला राजा कोणता निवडायचा?

नवा खेळाडू नकाशा उघडतो आणि सगळ्यांत मोठा रंग शोधतो. माझा सल्ला वेगळा आहे. दख्खनमध्ये खेळायचं असेल तर सम्राटाला बाजूला ठेवा आणि मांडलिक घ्या. डोक्यावर धनी, हाताखाली चार-दोन सरदार आणि शेजारी आपल्याच तोलाचे दोन वैरी, असा मधल्या फळीतला माणूस. दख्खनच्या मध्ययुगातली मोठी सत्तांतरं याच जागेवरून झाली. ती नीट समजून घ्यायला शिरूर-दौंडसारखं ठिकाण नाही, कारण भीमा इथूनच खाली त्या सगळ्या गादीवाल्यांच्या मुलखात उतरते.

नदीच्या धारेने वाचलेला नकाशा

रांजणगाव सांडसला मुळा-मुठा भीमेला मिळते. शिरूरवरून येणारी घोड पुढे तिच्यात शिरते. दौंड, पेडगाव, सिद्धटेक करत नदी पंढरपूरला पोचते. तिथून खाली मंगळवेढ्याचा मुलूख लागतो. त्याच्याही खाली, आजच्या विजयपूर जिल्ह्यात, जुन्या शिलालेखांतली तर्दवाडी येते. आणखी पुढे कागिणा नदी भीमेला मिळते आणि या कागिणेच्या काठी मळखेड आहे, म्हणजे राष्ट्रकूटांची राजधानी मान्यखेट.

मंगळवेढा, तर्दवाडी आणि मान्यखेट या तीन नावांभोवती चार शतकांचं राजकारण फिरतं. त्याचा आराखडा असा :

इ.स. 753च्या सुमारास बदामीच्या चालुक्यांचा मांडलिक दंतिदुर्ग धन्यावर उलटला आणि कीर्तिवर्मा दुसरा याचा पाडाव करून त्याने राष्ट्रकूटांची सत्ता उभी केली. 972 साली माळव्याच्या परमार सीयकाने मान्यखेट लुटलं. धन्याची कंबर मोडलेली पाहून पुढच्याच वर्षी तर्दवाडीचा कारभार पाहणाऱ्या तैलप दुसऱ्याने कर्क दुसरा याला हटवलं आणि चालुक्यांचं नवं राज्य सुरू केलं. त्याची राजधानी पुढे कल्याणी झाली. बाराव्या शतकात मंगळवेढ्याच्या कलचुरी घराण्यातल्या बिज्जलाकडे चालुक्यांनी कऱ्हाड आणि तर्दवाडी हे प्रांत सोपवले. 1157 ते 1162 या काळात त्याने धन्याची कल्याणीच बळकावली. शेवटी 1187च्या सुमारास सेउण देशाचा यादव भिल्लम पाचवा स्वतंत्र झाला आणि चालुक्यांची गादी कायमची संपली.

सत्ता चारदा बदलली आणि चारही वेळा ती मांडलिकाने घेतली. त्यांतले दोघे तर एकाच प्रांताचा, तर्दवाडीचा, कारभार पाहत होते. याला योगायोग म्हणता येत नाही. राजधानीच्या जवळचा, पिकाऊ, सलग मुलूख ज्याच्या हाती, त्याच्याकडे सैन्यही असतं आणि दरबाराच्या खबराही असतात. गेममध्ये जागा निवडताना हेच तीन निकष लावा : मुलूख सलग आहे का, राजधानीच्या पल्ल्यात आहे का, आणि धन्याला बाहेरचा तगडा शत्रू आहे का.

चौथी गोष्ट हक्काची. गेममध्ये सहसा क्लेमशिवाय गादीवर हात टाकता येत नाही आणि दख्खनच्या राजांनाही याची पक्की जाण होती. तैलपाने आपण बदामीच्या जुन्या चालुक्यांचे वंशज असल्याचं सांगितलं. कलचुरींनी कालंजराचं नाव बिरुदात मिरवलं. यादवांनी आपला वंश द्वारकेच्या यदुकुळाला जोडला. तलवारीने घेतलेलं राज्य वंशावळीने पक्कं करायचं, ही रीत स्टॉकहोमच्या पॅराडॉक्स कंपनीने 2020 साली हा गेम बाजारात आणला त्याच्या हजार वर्षं आधी इथे रुळलेली होती.

गेममध्ये न दिसणारी सीमा

या सगळ्यात आपला मुलूख कुठे होता? त्याचं उत्तर तळेगावचा ताम्रपट म्हणून ओळखल्या जाणाऱ्या दानपत्रात आहे. वेरूळच्या कैलास लेण्याशी ज्याचं नाव जोडलं जातं, त्या राष्ट्रकूट कृष्ण पहिला याने ते शके 690 मध्ये, म्हणजे इ.स. 768 साली दिलं. राजा तेव्हा दक्षिणेत गंगांशी लढत होता आणि दानपत्र मण्णे इथल्या छावणीतून निघालं. दान मात्र पुण्याजवळच्या गावांचं होतं, आणि पुण्याचा उल्लेख त्यात ‘पूनक विषय’ असा येतो. विषय म्हणजे आजच्या भाषेत जिल्ह्यासारखा विभाग.

दान दिलेल्या गावांच्या चतुःसीमा ताम्रपटात नोंदल्या आहेत. उत्तरेला मुइला नदी, म्हणजे मुळा. पश्चिमेला आळंदी आणि थेऊर. पूर्वेला खंबग्राम, वोरेग्राम आणि दाडिमग्राम. अभ्यासकांनी ही पूर्वेची तीन गावं खामगाव, बोरी आणि डाळिंब अशी ओळखली आहेत. तिन्ही आज दौंड तालुक्यात आहेत. साडेबाराशे वर्षांत धनी कितीदा बदलले ते आपण वर पाहिलं, पण गावांची नावं थोड्याफार फरकाने तीच राहिली.

गेममध्ये मुलूख हा रंगाचा ठिपका असतो आणि त्यातून दर महिन्याला सोनं येतं. प्रत्यक्षात राजा गावाचं उत्पन्न विद्वानांना, मंदिरांना, मठांना तोडून देत असे, आणि त्या बदल्यात दूरच्या मुलखात त्याचं नाव घेणारी, त्याच्या दानपत्रावर जगणारी घराणी तयार होत. मण्णेच्या छावणीत बसलेला राजा भीमा-मुळेच्या काठची गावं देतो, तेव्हा तो आपल्या सत्तेची मुळं इथे रोवत असतो. खेळताना दानधर्माचा पर्याय समोर आला की तो निव्वळ खर्च समजू नका.

867 : वृद्ध सम्राट, आणि तो का टाळावा

गेमची पहिली सुरुवात 867 साली होते. तेव्हा मान्यखेटला अमोघवर्ष होता. 814 साली तो पोरवयात गादीवर आला. बंडं उसळली आणि गुजरातच्या शाखेतल्या कर्काने त्याला सावरलं. पुढे त्याने चौसष्ट वर्षं राज्य केलं. ‘कविराजमार्ग’ हा कन्नडमधला सर्वांत जुना उपलब्ध ग्रंथ त्याच्या दरबारातला. प्रजेवरचं संकट टळावं म्हणून त्याने महालक्ष्मीला आपलं बोट अर्पण केलं, अशी नोंद 871च्या संजाण ताम्रपटात आहे. अरब प्रवाशांनी या घराण्याच्या राजाला ‘बल्हारा’ म्हटलं आणि जगातल्या चार थोर राजांत त्याची गणना केली.

माणूस म्हणून अमोघवर्ष मला फार मोठा वाटतो. त्याने गंगांशी चाललेलं लांबलेलं वैर मुलगी देऊन मिटवलं, हा एकच निर्णय अभ्यासण्याजोगा आहे. पण खेळाडूच्या दृष्टीने 867 मध्ये तो सत्तरीकडे झुकलेला आहे, राज्य शिखरावर आहे आणि वाढायला वाव थोडा. ज्याला राज्य टिकवण्याची कला शिकायची आहे त्याने तो जरूर घ्यावा. वर चढण्याचं शिक्षण इथे मिळणार नाही.

1066 : भावाभावांच्या भांडणात उभा असलेला सेउणचंद्र

दुसरी सुरुवात 1066ची. इंग्लंडवर नॉर्मन उतरले ते हे साल, म्हणून बहुतेक खेळाडू तिकडे धावतात. कल्याणीला तेव्हा सोमेश्वर पहिला होता. दोनच वर्षांनी, 1068 साली, असाध्य आजाराला कंटाळून त्याने कुरुवत्तीला तुंगभद्रेत देह ठेवला. थोरला मुलगा सोमेश्वर दुसरा गादीवर बसला आणि धाकट्या विक्रमादित्याने 1076 मध्ये त्याला खाली खेचलं. विक्रमादित्याने स्वतःच्या नावाचा शक सुरू केला आणि पन्नास वर्षं राज्य केलं.

या भांडणात सिन्नरकडचा यादव सेउणचंद्र दुसरा विक्रमादित्याच्या बाजूने उभा राहिला. हेमाद्रीने तेराव्या शतकात रचलेल्या राजप्रशस्तीत याचं श्रेय त्याला भरभरून दिलं आहे : शत्रूंच्या हातून विक्रमादित्याला वाचवून कल्याणीच्या गादीवर बसवणारा तोच. प्रशस्तीत अतिशयोक्ती असणार हे धरूनही खेळाचं सूत्र त्यातून स्पष्ट होतं. धन्याला दोन मुलगे असतील तर मांडलिकाने धाकट्याशी आधीच संधान बांधून ठेवावं. थोरला कुणाचंच देणं लागत नाही, धाकट्याला प्रत्येक भाला मोलाचा असतो. गेममधल्या दावेदारांच्या फॅक्शनमध्ये सामील होताना हा हिशेब करा. जिंकल्यावर मिळणारं पद आणि जमीन आजच्या सोन्यापेक्षा मोठी ठरते. सेउणचंद्राला स्वातंत्र्य मिळालं नाही, पण त्याच्या घराण्याला पुढच्या शतकासाठी वजन मिळालं.

1178 : भिल्लम, आणि पट उधळायची वेळ

तिसरी सुरुवात 1178ची, 2024 साली ‘रोड्स टू पॉवर’ या विस्तारातून आलेली. माझ्या मते दख्खनसाठी संपूर्ण गेममधली सर्वोत्तम हीच.

त्या वर्षीची परिस्थिती पाहा. कल्याणीवर बिज्जलाचा मुलगा संकम बसलेला आहे, पण बळकावलेल्या गादीला तेज राहिलेलं नाही. एकामागून एक भाऊ गादीवर येत आहेत. चालुक्यांचा वारस सोमेश्वर चौथा संधीची वाट पाहतो आहे. 1184च्या सुमारास तो कल्याणी परत घेईल. दक्षिणेला होयसळ वीर बल्लाळ दुसरा पाच वर्षांपूर्वी राजा झाला आहे आणि उत्तरेकडे सरकतो आहे. पूर्वेला ओरुगल्लूचा काकतीय रुद्रदेव बळावला आहे. आणि सेउण देशात भिल्लम आहे.

भिल्लमाची चाल हेमाद्रीच्या प्रशस्तीत क्रमाने दिली आहे. त्याने सुरुवात कोकणातून केली आणि श्रीवर्धन घेतलं. मग मंगळवेष्टक, म्हणजे मंगळवेढ्याचा राजा बिल्लण त्याच्या हातून पडला. त्यानंतर कल्याणी. शेवटी देवगिरीचा डोंगर निवडून त्याने तिथे राजधानी वसवली. या क्रमात शहाणपण आहे. मोठ्या शत्रूवर तो थेट गेला नाही. किनाऱ्यापासून सुरुवात केली, मग भीमेच्या खोऱ्यात उतरून कलचुरींचं मूळ ठाणं घेतलं, आणि होयसळांनी दक्षिणेकडून चालुक्यांना पुरेसं खिळखिळं केल्यावरच राजधानीला हात घातला.

चूक झाली ती त्यानंतर. बल्लाळही त्याच चालुक्य राज्याचे लचके तोडत होता आणि 1190च्या सुमारास गदगजवळ सोरटूरला दोघे भिडले. भिल्लम हरला. कृष्णेच्या दक्षिणेचा मोठा मुलूख होयसळांकडे गेला आणि थोड्याच काळात भिल्लमाचं निधन झालं. खेळाडूसाठी याचा अर्थ असा : कल्याणी पडल्यावर पाच-सात वर्षं थांबा. नवीन मुलखातल्या सरदारांची मर्जी मिळवा, देवगिरीचा किल्ला वाढवा आणि बल्लाळाशी सोयरीक जमते का पाहा. भिल्लमाचा मुलगा जैतुगी आणि नातू सिंघण यांनी हा धीर धरला. जैतुगीने काकतीयांना नमवलं आणि त्यांच्या कैद केलेल्या गणपतीला सोडून देऊन ओरुगल्लूच्या गादीवर बसवलं. शत्रूला मांडलिक करून परत पाठवणं ही त्या काळातली फार प्रगल्भ खेळी होती. 1210 ते 1247 राज्य केलेल्या सिंघणाने पन्हाळ्याच्या शिलाहारांचं राज्य जिंकून कृष्णा-पंचगंगेचा मुलूख जोडला.

वर्तुळ पुरं होतं

1271 साली याच घराण्यात गादीसाठी कट झाला. कृष्णदेवानंतर राज्य भाऊ महादेवाकडे गेलं, आणि त्याच्यानंतर महादेवाच्या मुलाकडे, आम्मणाकडे. कृष्णाचा मुलगा रामचंद्र नृत्य करणाऱ्यांच्या ताफ्यात वेश पालटून देवगिरीच्या किल्ल्यात शिरला आणि त्याने आम्मणाला कैद केलं. 1310च्या पुरुषोत्तमपुरी ताम्रपटात रामचंद्राने हे अभिमानाने कोरून ठेवलं आहे.

1296 साली अलाउद्दीन देवगिरीवर आला, तेव्हा यादवांचं मुख्य सैन्य दूर होतं. 1307 मध्ये मलिक काफूर रामचंद्राला दिल्लीला घेऊन गेला. तिथे ‘रायरायान’ हा किताब देऊन त्याला परत पाठवण्यात आलं, आणि पुढच्या दक्षिणेकडच्या मोहिमांना त्याने मदत केली. मांडलिकाच्या जागेवरून उठलेलं घराणं सव्वाशे वर्षांनी पुन्हा मांडलिकाच्या जागेवर आलं. ही पाळी आपल्यावरही येऊ शकते, हे ध्यानात ठेवून जो खेळतो त्याची पिढी टिकते. म्हणून मी म्हणतो, आधी मांडलिक होऊन खेळा. धन्याचं राज्य कुठून पोकळ होतं हे तिथून कळतं, आणि उद्या तुम्ही धनी झालात की तीच भोकं बुजवायची असतात.

या आठवड्याचा सराव : 1178 निवडा, यादवांचं घराणं घ्या आणि दोनच उद्दिष्टं ठेवा. 1190 पर्यंत भीमेचं खोरं मंगळवेढ्यापर्यंत आपल्याकडे असावं आणि होयसळांशी एकही मोठी लढाई झालेली नसावी. सवड मिळाली तर यवतवरून भुलेश्वरला आणि भीमा ओलांडून पेडगावला जाऊन या. यादवकाळातली मानली जाणारी मंदिरं दोन्हीकडे आहेत, आणि पटावर आपण ज्यांचा रंग पसरवतो त्यांनी या काळ्या दगडात किती श्रम आणि किती द्रव्य ओतलं, ते तिथे डोळ्यांनी पाहता येतं.

पुढच्या आठवड्यात : पन्हाळ्याचा शिलाहार भोज दुसरा. स्वतंत्र झालेला मांडलिक शेजाऱ्याच्या तावडीत कसा सापडतो, आणि डोंगरी किल्ल्यांवर उभं असलेलं छोटं राज्य गेममध्ये कसं राखायचं.