रेल्वे मांडायची कुठे?

आमच्या ग्वाल्हेरच्या जयविलास महालात जेवणाच्या टेबलावर चांदीची आगगाडी आहे. आमच्या दोन खोल्यांत टेबलच नाही! तरी मला घरात मॉडेल रेल्वे हवी होती.

आधी गच्चीवरची खोली पाहिली. पण उन्हाळ्यात ती भट्टीसारखी तापते, आणि उष्णतेने रूळ फुगून वाकतात.

मग हिशेब केला. जागा ठरते ती वळणावरून. एचओ मापात (१:८७) १८ इंच त्रिज्येचं वळण घेतलं, तर पूर्ण फेरीला चार फूट रुंदी हवी. एन मापात (१:१६०) रूळ अवघे ९ मिलिमीटर रुंद. अडीच फुटांत भागतं. शिवाय हात सगळीकडे पोचला पाहिजे, नाहीतर घसरलेली गाडी उचलणार कोण?

अडीच फुटांची जागा एकच होती : आजीच्या खाटेखाली. तिथे तिची ट्रंक. विचारायलाच धीर होईना. ती म्हणाली, "ट्रंक माळ्यावर टाक. तुझे आजोबा छोट्या गाडीवर गार्ड होते रे."

जुन्या दाराच्या फळीला चाकं लावली. ग्वाल्हेर–श्योपुर नॅरोगेज २०२० पासून बंद आहे. आमची मात्र रोज संध्याकाळी सुटते; शिट्टी आजी देते.