घोट्यावरची जखम आणि पोटरीचे बळ

बालाघाट हा धानाचा जिल्हा. येथील आदिवासी समाजात सिकलसेलही आढळतो. या आजाराच्या किशोरवयीन रुग्णांना कधी घोट्याजवळ जखम होते. आपल्याकडे ती तुलनेने विरळ; पण झाली की महिनोन्महिने भरत नाही. मलमे बदलत राहतात, मूल मात्र खाटेला खिळते आणि शाळा अंतरते.

येथेच चूक होते. पायातील रक्त वर ढकलण्याचे काम पोटरीचे स्नायू करतात. घोटा हालला नाही तर रक्त साचते, सूज येते, जखम भरत नाही. नीलांच्या विकारातील जखमांत दाबपट्टी व व्यायाम यांचा लाभ दिसून आला आहे. सिकलसेलमध्येही तेच तत्त्व उपयोगी पडू शकते. घोटा वारंवार हलवावा, झेपेल तितक्या टाचा उचलाव्यात, विसाव्याच्या वेळी पाय उंचावर ठेवावा. दाबपट्टी मात्र पावलाची नाडी तपासल्यावरच बांधावी. जखम भरेपर्यंत चिखलातील रोवणी टाळावी.

राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन अभियानाचा प्रारंभ १ जुलै २०२३ रोजी आपल्याच प्रांतातील शहडोल येथून झाला. तपासणीत आढळलेल्या प्रत्येक मुलाचे रक्त आपण पाहतोच; त्याचे घोटेही पाहू या.