इटलीच्या गावाकडे जाणारी चाकणची वाट

पिंपरी-चिंचवड आणि चाकणच्या औद्योगिक पट्ट्यातून इटलीतल्या एखाद्या छोट्या गावात राहायला जायचे असेल, तर सर्वांत भरवशाची वाट कारखान्यातून जाते. पुणे जिल्ह्यात उत्पादन करणाऱ्या अनेक इटालियन कंपन्यांची मूळ घरे रोम किंवा मिलानमध्ये नाहीत, लहान शहरांत आणि गावांत आहेत. चाकणमध्ये ब्रेक बनवणाऱ्या ब्रेम्बोची सुरुवात 1961 मध्ये बेर्गामोजवळ झाली. रांजणगावची कारारो पादोव्हाजवळच्या काम्पोदार्सेगोची. बारामतीत तीनचाकी आणि व्हेस्पा बनवणारी पियाज्यो तोस्कानातल्या पोंतेदेराची, तर बारामतीतच चॉकलेट बनवणारी फेरेरो पिएमोंतेतल्या आल्बाची. पोंतेदेरा आणि आल्बा यांची लोकसंख्या प्रत्येकी तीस हजारांच्या आसपास आहे. 2011 च्या जनगणनेत पिंपरी-चिंचवडची लोकसंख्या सव्वासतरा लाखांहून अधिक होती.

हे नाते जुने आहे. बजाजने 1960 मध्ये पियाज्योशी तांत्रिक करार केला आणि व्हेस्पा भारतात बनू लागली. 1971 मध्ये करार संपला. 1972 मध्ये आलेल्या चेतकची घडण व्हेस्पाच्याच वळणाची होती आणि आकुर्डीच्या कित्येक कामगार कुटुंबांचा संसार या स्कूटरच्या उत्पादनावर उभा राहिला.

गावात कारखाना, कारखान्याभोवती गाव

इटलीत सुमारे 7,900 नगरपालिका आहेत आणि त्यांतल्या जवळपास सत्तर टक्क्यांची लोकसंख्या पाच हजारांच्या आत आहे. देशातली बरीच गावे आणि शहरे उद्योगाची आहेत. सास्सुओलोत फरशा, प्रातोत कापड, बिएल्लात लोकर, आगोर्दोत चष्मे, मोंतेबेल्लूनात बूट. एकाच वस्तूचे शेकडो छोटे कारखाने एका खोऱ्यात एकवटतात, एकमेकांना सुटे भाग पुरवतात आणि कारागिरी पिढ्यान् पिढ्या तिथेच राहते. अर्थशास्त्रज्ञ जाकोमो बेकात्तिनी यांनी या रचनेचा सखोल अभ्यास केला. भोसरी आणि तळवड्यातल्या लघुउद्योजकाला ती समजावून सांगावी लागत नाही.

खाण्यापिण्याचेही तेच. आल्बाच्या टेकड्यांवर नेब्बिओलो द्राक्षापासून बारोलो आणि बार्बारेस्को या वाइन होतात. बारोलो किमान 38 महिने मुरवावी लागते आणि त्यांतले 18 महिने ती लाकडी पिंपात असावी लागते. पार्मिजानो रेज्जानो हे चीज पार्मा, रेज्जो एमिलिया, मोदेना आणि बोलोन्या-मांतोव्हाचा काही भाग एवढ्याच पट्ट्यात बनते. सुमारे 40 किलोच्या एका चाकासाठी साडेपाचशे लिटरच्या आसपास दूध लागते आणि ते किमान बारा महिने मुरते. हे नियम गावच्या उत्पादकांचे संघ जपतात. चवीमागे शिस्त असते, म्हणून ती टिकते.

या शिस्तीला भारतीय हातांचाही आधार आहे. क्रेमोना, मांतोव्हा आणि रेज्जो एमिलिया भागांतल्या गोठ्यांमध्ये पंजाबी शीख मोठ्या संख्येने काम करतात. नोव्हेल्लारा या छोट्या गावात 2000 मध्ये गुरुद्वारा उभा राहिला.

कागदपत्रांची वाट

नोकरीसाठी जाणाऱ्याचा अर्ज इटलीतली कंपनी करते. तिला स्थानिक इमिग्रेशन कार्यालयाकडून आधी परवानगी मिळवावी लागते आणि मग महाराष्ट्रातल्या अर्जदाराला मुंबईच्या वाणिज्य दूतावासाकडून व्हिसा मिळतो. सर्वसाधारण नोकऱ्यांना दरवर्षीची कोट्याची मर्यादा असते. उच्चशिक्षितांसाठीचे युरोपियन ब्लू कार्ड आणि कंपनीअंतर्गत बदली या दोन मार्गांना हा कोटा लागू नाही. अभियंत्यांच्या दृष्टीने हेच दोन मार्ग महत्त्वाचे. बदलीवर गेलेला व्यवस्थापक किंवा तज्ज्ञ जास्तीत जास्त तीन वर्षे राहू शकतो. 2 नोव्हेंबर 2023 रोजी दोन्ही देशांमध्ये स्थलांतराविषयी करार झाला असून, इटलीत शिकलेल्या भारतीय विद्यार्थ्यांना शिक्षणानंतर बारा महिने तिथे राहून कामाचा अनुभव घेण्याची मुभा त्यात आहे.

निवृत्तांसाठी वेगळा व्हिसा आहे. त्यासाठी पेन्शन, भाडे, व्याज अशा मार्गांनी वर्षाला सुमारे 31,000 युरोंचे नियमित उत्पन्न दाखवावे लागते आणि इटलीत कोणतेही काम करता येत नाही. सिसिलीतल्या गांजी किंवा मुस्सोमेली अशा गावांनी ओस पडलेली घरे एका युरोला देऊ केली, तेव्हा त्यांची बातमी जगभर गेली. मात्र ठरलेल्या मुदतीत दुरुस्ती करण्याची हमी आणि अनामत रक्कम द्यावी लागते. खरा खर्च दुरुस्तीचा असतो. शिवाय घर घेतले म्हणून राहण्याचा परवाना मिळत नाही.

इटलीत पोहोचल्यावर आठ कामकाजी दिवसांत निवास परवान्याचा अर्ज करायचा असतो. तो टपाल कार्यालयातून भरला जातो आणि बोटांचे ठसे पोलिस मुख्यालयात घेतले जातात. करक्रमांक घर भाड्याने घेण्यापासून बँक खात्यापर्यंत सगळीकडे लागतो. मग नगरपालिकेत रहिवासी म्हणून नोंद होते. दिलेल्या पत्त्यावर माणूस खरोखर राहतो का, हे पाहायला नगरपालिकेचा माणूस घरी येतो. नोकरदाराला आणि त्याच्यावर अवलंबून असलेल्या कुटुंबाला सरकारी आरोग्यसेवा मिळते. मुलांचे शिक्षण सहाव्या ते सोळाव्या वर्षापर्यंत सक्तीचे असून सरकारी शाळेत शिकवण्याची भाषा इटालियन असते. भारतीय वाहन परवाना रहिवासी नोंदणीनंतर एकच वर्ष चालतो. पुढे इटलीतली परीक्षा द्यावी लागते आणि ती इंग्रजीत देता येत नाही. ज्या गावात बस तासातासाने येते, तिथे ही बाब फार मोठी ठरते.

दिवस, बाजार आणि ताट

छोट्या गावातली दुकाने दुपारी बंद होतात आणि साडेतीन-चारच्या सुमारास पुन्हा उघडतात. कॉफी बारमध्ये उभ्याने घेतली जाते. आठवड्याचा बाजार चौकात भरतो आणि संध्याकाळी लोक त्याच चौकात फेरी मारायला येतात. ऑगस्टमध्ये कारखाने सुट्टीवर जातात. 15 ऑगस्ट हा तिथला मोठा सण असतो. चाकणच्या बाजारात कांदा-बटाट्याचे भाव विचारत वाढलेल्या माणसाला हे वातावरण परके वाटणार नाही. शिफ्टच्या धावपळीतून आलेल्याला दुपारच्या शांततेची सवय मात्र करून घ्यावी लागते.

बेर्गामोकडे मक्याच्या पिठाची पोलेंता हे रोजचे अन्न आहे. दिसायला आणि पोताला ती घट्ट पिठल्यासारखी असते. शाकाहारी कुटुंबांनी दोन गोष्टी आधीच जाणून घ्याव्यात. पार्मिजानो रेज्जानो वासराच्या जठरातल्या विकराने बनते, त्यामुळे ते शाकाहारी नाही. काही भाकऱ्यांत आणि पावांत डुकराची चरबी असते. दुसरीकडे डाळी, भाज्या, ऑलिव्ह तेल आणि ताजा पास्ता यांच्या जोरावर मांसाशिवायचे जेवण सहज जमते.

वाइन तिथे जेवणाचा भाग आहे. एखादा ग्लास जेवणाबरोबर घेतला जातो. झिंगलेल्या माणसाकडे कौतुकाने पाहिले जात नाही. गाडी चालवताना रक्तातल्या अल्कोहोलची मर्यादा लिटरला अर्धा ग्रॅम आहे आणि परवाना मिळून तीन वर्षे झाली नसतील तर शून्य. अनेक गावांत द्राक्षबागायतदारांच्या सहकारी वाइनरी आहेत. सभासद द्राक्षे घालतात आणि वाइन संस्थेच्या नावाने विकली जाते. सहकारी साखर कारखान्यांच्या महाराष्ट्राला ही व्यवस्था ओळखीची आहे.

वाइनचा उलट दिशेचा प्रवासही झाला आहे. चाकणहून नाशिक रस्त्याने पुढे गेल्यावर लागणाऱ्या नारायणगावात 1980 च्या दशकातच वाइन उद्योग सुरू झाला होता. इटलीशी नाते मात्र पुढे जुळले. अकलूजच्या परिसरात मोहिते-पाटील, सेखरी आणि इटलीतल्या सेच्ची या तीन घरांतल्या भावांनी मिळून फ्रातेल्ली ही वाइनरी उभी केली. तोस्कानातले वाइनतज्ज्ञ पिएरो मासी यांनी तिथल्या वाइनला आकार दिला आणि सोलापूर जिल्ह्यात सांजोव्हेझे हे इटालियन द्राक्ष रुजले. माळरानावर हे घडले, कारण बाहेरून आलेल्या माणसाने इथली माती समजून घेतली.

किती काळ, कोणत्या नात्याने

इटलीत सलग पाच वर्षे कायदेशीर वास्तव्य झाले की दीर्घकालीन निवास परवान्यासाठी अर्ज करता येतो. त्यासाठी इटालियनची प्राथमिक पातळीची परीक्षा लागते. युरोपियन युनियनबाहेरच्या नागरिकाला साधारणपणे दहा वर्षांच्या वास्तव्यानंतर नागरिकत्व मागता येते आणि तेव्हा मध्यम पातळीची भाषा आली पाहिजे. भारत दुहेरी नागरिकत्व मानत नाही. इटालियन नागरिकत्व घेतले की भारतीय पासपोर्ट परत करावा लागतो आणि पुढे परदेशस्थ भारतीय नागरिक म्हणून, म्हणजे ओसीआय कार्डावर, ये-जा करता येते. मतदान आणि शेतजमीन खरेदी हे हक्क त्या कार्डात नाहीत.

प्रत्येक टप्प्यावर भाषा लागते. परवान्याला, गाडीला, मुलांच्या शाळेला आणि बाजारातल्या चीजवाल्याशी बोलायलाही. म्हणून बदलीचा अर्ज करण्याआधी वर्षभर इटालियन शिकणे ही या स्थलांतराची पहिली आणि सर्वांत उपयोगी गुंतवणूक आहे. पर्यटकाला तिथली चव आठवडाभर मिळते. हाताला काम आणि तोंडी भाषा घेऊन गेलेल्या कुटुंबाला ते गाव आपलेसे करून घेते.