दुसऱ्या मॉनिटरला मोठं कार्ड लागतं का?

कोल्हापूरच्या शिरोली किंवा गोकुळ शिरगाव एमआयडीसीसाठी कास्टिंगची डिझाइनं करणाऱ्याला एका मॉनिटरवर ड्रॉइंग आणि दुसऱ्यावर मापं हवी असतात. घरी तशी सोय करायची म्हटलं, की पहिली शंका येते ती महागड्या ग्राफिक्स कार्डाची. बहुतेकांना ते लागत नाही.

फुल एचडी पडद्यावर सुमारे २० लाख ७३ हजार ठिपके असतात. त्यांचे रंग मेमरीत साठवलेले असतात. अख्खं चित्र जेमतेम ८ एमबीत मावतं. तिथून ते सेकंदाला साधारण ६० वेळा वाचून मॉनिटरकडे धाडलं जातं. पंगतीत रांधणारा वेगळा, वाढणारा वेगळा, तसंच हे. पडदा वाढला की मुख्यतः वाढपी वाढतो. आचाऱ्याचा कस लागतो तो गेममध्ये किंवा थ्रीडी मॉडेल फिरवताना, कारण तिथे ठिपक्यांचे रंग सतत नव्याने काढावे लागतात. फोर-के पडद्यावर तर ठिपकेच चौपट!

वाढपी मात्र मोजकेच असतात. बऱ्याच कार्डांवर एकाच वेळी चार पडदे चालतात, प्रोसेसरमधल्या ग्राफिक्सवर बहुधा तीन ते चार. साधा एचडीएमआय स्प्लिटर तेच चित्र दोन्हीकडे दाखवतो, त्यामुळे जागा वाढत नाही. आणि इंटेल प्रोसेसरच्या क्रमांकाशेवटी 'एफ' असेल, तर त्यात ग्राफिक्स नसतंच. तिथे कार्ड घ्यावंच लागतं.

म्हणून दुकानात जाण्याआधी प्रोसेसरचं पूर्ण नाव लिहून घ्या आणि मागचे पोर्ट मोजा. ऑफिसचं काम, अभ्यास, व्हिडिओ एवढंच असेल, तर पैसे कार्डापेक्षा चांगल्या मॉनिटरवर घाला.